कडेचा कोण?

आमच्या वैमानिकांच्या तोंडून ‘शेवटचं’ हा शब्द निघायचा नाही. शेवटचं उड्डाण म्हटलं की मरण कान देऊन ऐकतं म्हणे. म्हणून ‘कडेचं उड्डाण’. पावाच्या रांगेतही आम्ही बाया विचारायचो, “कडेचं कोण गं?” आणि साहेबांचं काही बिघडलं की खापर फोडायला ज्याचं डोकं शोधतात, तोही आमच्याकडे ‘कडेचा’च. एका शब्दात सगळं भागवतो आम्ही.

युद्धाच्या त्या हिवाळ्यात कारखाना मॉस्कोहून उरलमध्ये हलवला होता. मी कापा, आणि माझा नवरा झिनोव्ही, माझा झिन्या, रॉकेट-विमानाच्या इंजिनावर. विमान कसलं, प्लायवूडचं खोकं. पंख आम्ही बायांनीच सरस लावून चिकटवले होते. पण शेपटीत केरोसीन आणि तेजाब एकत्र आलं की असं पेटायचं, की गोठलेल्या तळ्यावरून ते वर जाताना डोळा ठरायचा नाही. तेजाबाने झिनोव्हीच्या हातांची सालटी निघाली होती. तरी घरी आला की त्या इंजिनाचंच कौतुक. सवत परवडली असती.

ते उडवायचा देम्यान लुकिच. तो, त्याची बायको अग्निया आणि पोरं आमच्याच खोलीत राहायची, मध्ये पडदा टाकून. एकदा जेवताना, आम्हा तिघांसमोर, तो बटाटा सोलता सोलता म्हणाला, “वेग वाढला की विमानाचं नाक खाली ओढतं. दांडा खेचला तरी हलत नाही.”

दुसऱ्या दिवशी त्याने हेच मुख्य इंजिनियरला सांगितलं. झिनोव्ही तिथेच होता.

“देम्यान लुकिच, त्या वेगाने जगात कुणी उडालंय का? नाही ना? मग तिथे काय होतं ते तुम्हाला कसं कळणार?”

“मी तिथूनच आलोय, अर्सेनी वलेरियानोविच.”

“मॉस्कोला आकडा हवाय. एकदाच पूर्ण जोर लावा. शेवटचं.”

“कडेचं म्हणा.”

“बरं बाबा, कडेचं.”

उड्डाणाच्या दिवशी आवाज ऐकून आम्ही सगळ्या अंगणात धावलो. विमान सरळ चाललं होतं, मागे आग नीट जळत होती. मग त्याने नाक खाली घातलं आणि तसंच जळत जळत बर्फात शिरलं. एवढ्या बायांनी पाहिलं. चौकशी समितीला मात्र इंजिन हवेत फुटलेलं दिसलं, कारण समिती तेव्हा मॉस्कोत होती.

आराखडा सरकारने मंजूर केलेला, तो चुकणार कसा? वैमानिक वीर, तोही चुकणार नाही. उरला झिनोव्ही. चोर सोडून संन्याशाला फाशी! झिनोव्हीने नाकाचं सांगितलं, मीही सांगितलं. पण आरोपीच्या बायकोची साक्ष कोण धरतो? मग त्यांनी अग्नियाला बोलावलं.

मी तिला जिन्यात गाठलं. “अग्निया, तू ऐकलं आहेस. एवढंच सांग. नाहीतर झिन्याला नेतील गं!”

“आणि मी सांगितलं तर? माहीत असून उडाला, विमान घालवलं, म्हणतील. मग मी वीराची बायको राहते का? पोरांच्या तोंडचा पाव जाईल, कापा.”

“आणि झिन्या?”

“तुझा जिवंत तरी आहे ना!”

ती समितीच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं. “घरी ते कामाचं काही बोलत नसत,” तिने सांगितलं. आवाज जरासुद्धा कापला नाही.

झिनोव्हीला लाकूडतोडीच्या छावणीत धाडलं. पुढच्या थंडीत तो तिथेच वारला.

पुढे म्हणे जोराचा वारा सोडून विमानं तपासायच्या बोगद्यात सिद्ध झालं, ध्वनीच्या वेगाजवळ गेलं की तसले पंख नाक खाली घालणारच. अर्सेनी वलेरियानोविच आता त्यावर व्याख्यानं देतात. त्यांना पदक मिळालं. देम्यानच्या पुतळ्याचं अनावरण होतं, त्या दिवशी अग्निया माझ्या दारात आली, नवा रुमाल बांधून.

“चल माझ्याबरोबर. सगळ्यांसमोर झिन्याचं नाव घेते मी. खरं काय ते सांगते.”

“आता सांगशील. पोरं नोकरीला लागली.”

ती रडायला लागली. मी चहा ओतला, जॅम पुढे सरकवला. करणार काय, माणूस दारात आलेलं.

“कापा, मला माफ नाही करणार?”

“तुझ्या जागी मी असते, तर मीही तेच बोलले असते,” मी म्हणाले.

खरंच बोलले असते. माझ्या झिन्याला सोडवायला मी देम्यानच्या नावाला काळं फासलं असतं, तिच्या पोरांना उपाशी ठेवलं असतं. मला एवढंच म्हणायचं होतं, की आपण दोघी सारख्याच. तिला ती माफी वाटली. गळ्यात पडून कितीतरी वेळ रडली, आणि हलक्या मनाने एकटीच पुतळ्याला गेली.