बाईंचं एकच खोटं

बाई गेल्या तेव्हा जिनिव्हात त्यांच्यासाठी सभा झाली. आमच्या बाई, हेस्टर कॉपक, क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या. क्वेकरांची सभा म्हणजे पाद्री नाही, घंटा नाही, गाणं नाही. सगळे मूग गिळून बसतात आणि ज्याला आतून बोलावंसं वाटेल तो उठून दोन वाक्यं बोलतो. माझ्या गावाकडे माणूस गेलं की बायका ऊर बडवून रडतात आणि मग पोटभर जेवतात. मला ते बरं वाटतं. पण बाईंचा स्वयंपाक करता करता माझे केस पिकले, तेव्हा मागच्या बाकावर मीही गप्प बसले.

एक म्हातारा उठला. कुठल्याशा देशाचा राजदूत होता म्हणे. म्हणाला, "आम्ही आणि शत्रुदेशाचे एकमेकांचं तोंड बघत नव्हतो, पण हेस्टर कॉपकच्या टेबलावर दोघंही जेवायला यायचो. ती इकडचं तिकडे सांगताना एक अक्षर बदलणार नाही, याची दोघांनाही खात्री होती." तो बसला. मग निर्वासितांच्या कामातली एक बाई उठली. "हेस्टर आयुष्यात कधी खोटं बोलली नाही," म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या.

साफ चूक. एकदा बोलली. मी तिथेच होते, हातात रश्श्याचा डाव घेऊन.

मी रेमेई. स्पेनमधल्या लेरिदाजवळच्या एका खेड्यातली. आमच्या यादवी युद्धात माझा नवरा एब्रो नदीवर मारला गेला, आमची बाजू हरली आणि मी डोंगर ओलांडून फ्रान्समध्ये आले, म्हणजे सगळं गाव आलं तशी आले. फ्रेंचांनी आम्हाला समुद्रकाठच्या वाळूत तारेच्या कुंपणात बसवलं. तिथे एक उंच, हाडकुळी अमेरिकन बाई दुधाचा ट्रक घेऊन यायची. ओहायोकडच्या एका क्वेकर शाळेची ती मुख्याध्यापिका. शाळा सोडून आमच्या लढाईत दूध वाटायला आली होती आणि आमच्या मागोमाग तीही हरून इकडे आली. तिने मला विचारलं, "शंभर जणांचा स्वयंपाक जमेल?"

मी म्हटलं, "भांडं मोठं द्या आणि मध्ये मध्ये करू नका."

तेव्हापासून मी त्यांच्याकडे. डोंगराच्या पायथ्याशी एक जुनी गिरणी भाड्याने घेऊन त्यांनी मुलांचं वसतिगृह काढलं. आधी आमची स्पॅनिश पोरं होती. मग जर्मनीतली, व्हिएन्नातली ज्यू पोरं यायला लागली, ज्यांचे आईबाप छावण्यांमध्ये कोंडले होते. बाई सकाळी शिकवायच्या आणि दुपारी सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवायच्या. क्वेकर कुणाला साहेब, महाराज म्हणत नाहीत. फौजदाराला त्या नुसतं "एस्तिबाल" म्हणायच्या आणि मंत्र्यालाही त्याच्या आडनावाने हाक मारायच्या. शपथ घ्यायलाही यांना मनाई. अमेरिकेच्या वकिलातीत मुलांच्या व्हिसासाठी शपथ घ्या म्हणाले, तर या म्हणाल्या, "शपथेवर खरं बोलायचं म्हणजे एरवी खोटं बोलते असं होईल. माझं होय म्हणजे होय." तिथला अधिकारी चिडला, लाल झाला आणि शेवटी त्याने शिक्का मारला.

या खरेपणाने माझं लोणीही गेलं. एका हिवाळ्यात मी एका शेतकरणीकडून रेशनबाहेरचं लोणी गुपचूप घेतलं आणि ट्रकमध्ये पोत्यांखाली दडवलं. नाक्यावर फौजदार एस्तिबालने सहज विचारलं, "काही बेकायदा नाही ना, बाईसाहेब?"

"आहे," बाई म्हणाल्या. "पोत्यांखाली लोणी आहे. आमच्या स्वयंपाकिणीने ठेवलंय."

मी तिथल्या तिथे त्यांचा गळा दाबला असता. एस्तिबाल हसून हसून बेजार झाला. लोणी घेऊन गेला मेला. पण त्यानंतर आमचा ट्रक त्याने कधी उघडला नाही. कचेरीतही तेच. कॉपकबाई म्हणते ना, मग तसंच असणार. त्या शब्दावर बाईंनी किती पोरं लिस्बनच्या गाडीत बसवली आणि पुढे बोटीवर चढवली. म्हणून मी लोण्याचं दुःख गिळलं.

त्रूदे श्पिट्झर आली ती मात्र बाजारातल्या भाजीवालीसारखी खोटं बोलत. व्हिएन्नाची पोर, केस उवांनी भरलेले, डोळे चपळ. नाव विचारलं की एक सांगायची, वय विचारलं की दुसरं. पाव चोरून "उंदराने नेला" म्हणायची. मला ती फार आवडायची. बाईंनी तिला कधी मारलं नाही, कधी रागावल्या नाहीत. ती खोटं बोलली की त्या नुसत्या तिच्याकडे बघत गप्प बसायच्या आणि पोर तो गप्पपणा सोसेना म्हणून खरं सांगून टाकायची. असं दोन वर्षं चाललं आणि पोर सुतासारखी सरळ झाली. बाईंच्या मागे मागे फिरायला लागली, धाकट्यांना गणित शिकवायला लागली.

मी एकदा म्हटलं, "बाई, एखादं खोटं राहू द्या हो तिच्यापाशी. लग्नात आंदण म्हणून उपयोगी पडेल."

बाई हसल्या. त्या तशा हसायच्या फार क्वचित.

बेचाळीसच्या उन्हाळ्यात जर्मनांच्या दबावाखाली फ्रेंच सरकारचं फर्मान निघालं की परदेशी ज्यू गोळा करून उत्तरेला, जर्मनांच्या ताब्यातल्या भागात पाठवायचे. सोळा पूर्ण झालेल्या मुलांनाही. त्रूदे वसंतातच सोळा वर्षांची झाली होती. पोस्टमन सकाळी पत्रं टाकायला आला तो मला हळूच म्हणाला, "आज दुपारी तुमच्याकडे येतायत. पोरीला दडवा."

मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "लपवणं म्हणजे खोटं बोलणं नाही. लपव. पण कुठे ते मला सांगू नकोस. विचारलं तर 'माहीत नाही' असं मला खरोखर म्हणता आलं पाहिजे."

मला वाटलं, वा, बाईसुद्धा शिकल्या! स्वयंपाकघराच्या फरशीखाली बटाट्यांचं तळघर होतं. त्यात त्रूदेला उतरवलं, वर फळी टाकली, फळीवर पिठाची पेटी अर्धवट ओढली. ती खालून म्हणाली, "रेमेईताई, बटाट्यांना कोंब आलेत."

"आता तुला पण येतील, गप्प बस," मी म्हटलं.

एस्तिबाल दोन हवालदार घेऊन आला. हवालदारांना अंगणात उभं करून तो एकटा स्वयंपाकघरात आला आणि टोपी काढून टेबलावर ठेवली. घाम पुसला. त्याला दोन मुली होत्या, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"बाईसाहेब, त्रूदे श्पिट्झर."

"ती कुठे आहे मला माहीत नाही," बाई म्हणाल्या.

"तसं नका म्हणू. 'माहीत नाही' म्हटलं तर मला झडती घ्यावी लागेल. वरून हुकूम आहे." तो अगदी हळू बोलायला लागला. "पण वरचे साहेब तुम्हाला ओळखतात. ते म्हणालेत, कॉपकबाईने 'मुलगी इथून गेली' असा शब्द दिला तर झडतीची गरज नाही. फक्त एवढंच म्हणा. ती गेली. मी लिहून घेतो आणि परत जातो. पुन्हा कुणी येणार नाही."

मी मध्येच बोलले, "गेली ती! परवाच गेली, मी स्वतः बसमध्ये बसवलं!"

"तुझं कोण ऐकतंय, लोणीवाले?" एस्तिबाल वळलाही नाही. "बाईसाहेब, मी विनंती करतोय तुम्हाला. दोनच शब्द."

तो माणूस जणू सुटकेचं दार उघडून धरून उभा होता. बाईंनी फक्त त्यातून पोरीला बाहेर ढकलायचं होतं. मी बाईंच्या तोंडाकडे बघत होते. मनात म्हणत होते, बोला, अहो बोला, देवाशी भांडण मी करीन, पापाचा वाटा मी उचलीन. बाईंचे ओठ मिटलेले. चेहरा चुन्यासारखा पांढरा. हातांनी टेबलाची कड धरलेली. तो गप्पपणा मी इतक्या सभांतून सोसला होता, पण तसा कधी नाही.

आणि पायाखालची फळी हलली.

पिठाची पेटी सरकली. आधी हात आला, मग डोकं. त्रूदे वर आली, गुडघ्यांवरची माती झटकली. "बाईंना विचारू नका," ती म्हणाली. "मी इथे आहे."

एस्तिबाल डोळे मिटून म्हणाला, "अगं पोरी, काय केलंस हे!"

मी तिला धरायला धावले, पण हवालदार खिडकीतून बघत होते. सगळं संपलं होतं. बाई तिच्याबरोबर गाडीत चढल्या. स्टेशनवर त्यांना ओढून खाली उतरवलं. मग त्या फ्रेंच सरकारचं ठाणं होतं त्या गावाला गेल्या, तिथल्या बड्या हॉटेलांत मंत्री बसायचे. त्यांच्या दाराबाहेर बसून राहिल्या. सगळे अदबीने बोलले, कॉफी पाजली. तोवर त्रूदेची आगगाडी सीमा ओलांडून गेली होती.

हिवाळ्यात जर्मन आमच्याकडेही आले आणि बाईंना अमेरिकन म्हणून धरून नेलं. मागे उरलेली पोरं मी शेतांशेतांवर वाटली. कुणाला माझा भाचा केला, कुणाला मुकी केली, एकीला तर नवस बोललेली जोगीण केली. मी इतकं खोटं बोलले की नरकात माझ्यासाठी वेगळी खोली राखून ठेवली असेल. पण त्यातलं एकही पोर गेलं नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. मला राग येतो म्हणून सांगते.

लढाई संपली, बाई परत आल्या. तुलूझ शहरात निर्वासितांसाठी जेवणघर उघडलं. तिथेच एका दुपारी श्पिट्झरबाई आल्या. त्रूदेची आई. एका इस्पितळात नन्सनी तिला वेडी म्हणून लपवलं होतं, म्हणून वाचली. अंगावर पातळ झगा होता. बाईंनी आपली शाल काढून तिच्या खांद्यावर घातली आणि समोर बसल्या. मी रस्सा वाढत होते.

तिने रश्श्याला हात लावला नाही. "मुलगी गेली, ते कळलंय मला," ती म्हणाली. "मी वेगळंच विचारायला आलेय. तुमच्याकडचा एक मुलगा मला भेटला. तो म्हणतो, त्रूदे लपलेली होती आणि स्वतःहून बाहेर आली. खरं का?"

बाईंनी रश्श्याची वाटी तिच्याकडे सरकवली.

"स्वतःहून कुणी येतं का हो? मी तिला निघताना सांगितलं होतं, काहीही कर पण जग, मी तुला शोधत येईन. तिने माझी वाट का नाही पाहिली? कंटाळली होती का? माझ्यावर रागावली होती का? मला झोप लागत नाही. मला तिचाच राग येतो. मेलेल्या पोरीचा राग येतो मला."

पुन्हा तोच गप्पपणा. मी डाव धरून उभी. वाटलं, झालं, आता माझ्या लोण्यासारखं सगळं खरं पोत्याखालून बाहेर काढतील. त्या बाईला सांगतील की हो, स्वतःहून आली, आणि ती बाई दारापर्यंतही पोचणार नाही.

बाईंनी तिच्या डोळ्यांत सरळ बघितलं. "तो मुलगा लहान होता, त्याला नीट माहीत नाही," त्या म्हणाल्या. "त्रूदे बाहेर आली नाही. ती शेवटपर्यंत लपून होती, तुमची वाट बघत. फौजदाराने मला विचारलं. मी सांगितलं."

"तुम्ही सांगितलं?"

"मी सांगितलं. आम्ही खोटं बोलत नाही."

श्पिट्झरबाईंनी रश्श्याची वाटी दूर सारली. मग उठल्या. खांद्यावरची शाल काढली, बाकावर ठेवली. "देव तुम्हाला भरपूर आयुष्य देवो," म्हणाल्या, जसं आमच्याकडे बायका शिवी देतात तशा आवाजात. आणि ताठ मानेने बाहेर गेल्या. आल्या होत्या तेव्हा वाकलेल्या होत्या.

मी डाव भांड्यात आपटला. "बाई, हे काय केलंत? ती स्वतःच आली होती. तुम्ही तर एक शब्द बोलला नव्हता!"

"म्हणूनच आली, रेमेई," बाई म्हणाल्या. "मी काय उत्तर देणार हे तिला ठाऊक होतं. मीच शिकवलं होतं." मग म्हणाल्या, "तिला कुणाचा तरी राग करायलाच हवा. मुलीचा करण्यापेक्षा माझा केलेला बरा."

माझ्या पोटात इतकी वर्षं साचलेलं तोंडावाटे बाहेर पडलं. "म्हणजे येतं तर तुम्हाला खोटं बोलता! डोळ्यांत डोळे घालून येतं! मग त्या दिवशी काय झालं होतं? दोनच शब्द मागत होता तो. दोनच!"

बाईंनी शाल उचलली, तिची घडी घालायला लागल्या. घडी नीट बसेना. पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"हो," त्या म्हणाल्या. "मला आज कळलं गं, किती सोपं असतं ते."

त्यानंतर त्या माझ्यापाशी याबद्दल कधी बोलल्या नाहीत. पुढे जिनिव्हा झालं, न्यूयॉर्क झालं, भांडणाऱ्या देशांचे राजदूत आमच्या टेबलावर माझा रस्सा ओरपत बसले. कुणी कौतुकाने म्हणालं, हेस्टर कधी खोटं बोलत नाही, की बाई उठून स्वयंपाकघरात यायच्या आणि माझ्या शेजारी उभ्या राहून भांडी पुसायच्या. धुतलेलीच भांडी पुन्हा पुसायच्या. मी त्यांना हटकत नसे.

सभेत त्या दिवशी माझ्याही आतून उठावंसं वाटलं. उठून सांगावं, एक मुलगी होती, तिचं नाव त्रूदे, ते कुणीतरी घ्या. पण नाही उठले. सभा संपली तेव्हा त्यांच्यातल्या एकाने माझा हात धरून म्हटलं, "केवढं दीर्घ आयुष्य लाभलं हेस्टरला! नव्वदीला आली होती."

"हो," मी म्हटलं. "तसा आशीर्वादच होता त्यांना एका आईचा."