चौथा पंजा

तिने तीनमोज्या बोक्याचा मागचा डावा पाय ओल्या फडक्याने पुन्हा एकदा पुसला. तपकिरी रंग होता तिथेच राहिला.

"घासून घासून पाय हातात येईल," नवरा दारातून म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा."

बावीस वर्षं ती ही निळ्या डोळ्यांची, मध्यम लांब केसांची मांजरं वाढवत होती. अंग दुधाळ, तोंड, कान, शेपूट गडद आणि चारही पंजे पांढरेशुभ्र. त्यात सूट नाही. ही मांजरं मूळची देवळातली, अशी आख्यायिका. म्हातारा पुजारी गेला तेव्हा एक मांजर त्याच्या छातीवर जाऊन उभं राहिलं, आणि त्याला टेकलेले पंजे तेवढे पांढरे झाले.

"यानं एक पाय वर धरला असेल," नवरा म्हणाला.

एरवी ती हसली असती. आज तिचं डोकं फिरलं होतं. दर वेळी हेच. पंजे साधले की स्वभाव हातचा जायचा. ही जात शांत, माणसाच्या मागे मागे फिरणारी म्हणून लोक घेतात, आणि गेल्या वर्षीची दोन देखणी पिल्लं चावतात म्हणून परत आली होती. यंदा एकाच वेतात दोन बोके. साहेबाचे चारही पंजे निर्दोष, पण विंचरायला घेतला की रक्त काढायचा. तीनमोज्या मांडीवर घेताच अंग सैल सोडून झोपायचा.

वंशासाठी एकच बोका ठेवायचा, दुसऱ्याची नसबंदी करून तो एखाद्या घरी द्यायचा, हा तिचाच शिरस्ता. रंगीत पंजाच्या बोक्याची पिल्लं मांजरपाळांचा क्लब नोंदवत नसे. नोंद नाही तर प्रदर्शन नाही, आणि इतक्या वर्षांचं तिचं नावही नाही. म्हणजे ठरवायला काही उरलंच नव्हतं, आणि त्याचाच तिला सकाळपासून संताप येत होता.

तिने फडकं बादलीत फेकलं आणि मांजर न्यायची पेटी आणायला आत गेली.

दवाखान्यात डॉक्टरांनी पेटीत हात घातला आणि झटकन मागे घेतला.

"ताई, घाईत दुसराच आणलात." त्यांनी बोट नळाखाली धरलं. "फोनवर तर म्हणालात, अगदी गरीब आहे."

"तो घरी आहे."

डॉक्टरांनी वाकून, पण दुरूनच पाहिलं. "याचे चारही पांढरे आहेत."

"माहीत आहे. बावीस वर्षं तेच तर बघत आले."

"क्लब तुमचं नाव काढून टाकेल."

"टाकू दे." तिचा आवाज अजून तापलेलाच होता.

"आणि हा कुणाला देणार?"

"कोण घेणार याला? माझ्याकडेच राहील."

तिने साहेबाला मानगुटीला धरून बाहेर काढलं. त्याने लगेच तिच्या मनगटात दात रुतवले. तिने दुसऱ्या हाताने त्याचे पाय धरले, चारही, आणि टेबलावर दाबून ठेवले.

"धरलाय मी. तुम्ही भुलीची सुई द्या."