गाडी रिकामीच आहे

आर्डिसने बूट काढून हातात घेतले आणि ती त्या पलंगावर सरळ आडवी झाली. विकायला ठेवलेला ट्रेलर, दारात ट्रेंट नावाचा विक्रेता उभा, आणि सत्तरीला टेकलेली माझी थोरली बहीण छताकडे बघत पडलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कोरीन, इकडे ये," ती म्हणाली. "इथून बघ. झोपल्या झोपल्या बाहेरचं दिसतंय."

बाहेर होतं काय, तर विक्रीच्या ट्रेलरांची रांग आणि तिच्यामागे आमच्या वायोमिंगचं उघडंबोडकं माळरान. पण तिचा चेहरा मी पाहिला आणि गप्प बसले. तिला त्या खिडकीत समुद्र दिसत होता.

समुद्राची गोष्ट जुनी आहे. आर्डिसने सगळी उमर शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. तिला सुट्टी मिळायची ती फक्त उन्हाळ्यात, आणि तिचा नवरा एल्डन नालबंद. घोड्यांना नाल ठोकायचा खरा हंगाम उन्हाळ्यातच. दरवर्षी ऑरेगनच्या किनाऱ्यावर जायचं ठरायचं, तंबू बाहेर निघायचा, डबे भरले जायचे, आणि मग फोन वाजायचा. कुणाच्या तरी घोडीचा नाल निखळलेला असायचा. एल्डन टोपी उचलून निघायचा आणि आर्डिस डबे रिकामे करायला बसायची. कधी कुरकुर नाही केली तिने. मी असते तर तो फोन घोड्यालाच खायला घातला असता. माझं केस कापायचं दुकान आहे, तिथे खुर्चीत बसलेल्या प्रत्येक बाईला मी हे ऐकवलेलं आहे.

गेल्या हिवाळ्यात आर्डिसच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तंबूचा विषयच संपला. जमिनीवर झोपलेल्या आर्डिसला उठवायला क्रेन लागली असती. म्हणून मग ट्रेलर. पिकअपच्या मागे जोडायची चाकांवरची खोली, पलंग, चूल, संडास सगळं आत. एल्डनने स्वतःच्या तोंडाने विषय काढला, तेव्हा आम्ही दोघी बहिणी एकमेकींकडे बघतच राहिलो.

दोन ट्रेलर पसंतीला उतरले होते. एक छोटा, अंड्यासारखा गोल, दिसायला गोड. पण त्यात झोपायचं म्हणजे रोज टेबल पाडायचं, त्यावर गाद्या लावायच्या, आणि आतल्या बाजूच्या माणसाने बाहेरच्याच्या अंगावरून उतरायचं. खुबा बदललेल्या बाईला हे कसं जमणार? दुसरा हा मोठा. पलंगाच्या दोन्ही बाजूंना उतरायला जागा, आणि उशाला ती खिडकी.

एल्डन एरवी दिवसाला मोजून चार वाक्यं बोलणारा माणूस. आयुष्यभर घोड्याचा पाय मांड्यांत धरून वाकल्यामुळे त्याची पाठ आता उभ्यानेही सरळ होत नाही. पण त्या दिवशी त्याच्या अंगात आलं होतं. प्रत्येक कप्पा उघडून बघत होता, नळ फिरवून बघत होता. चुलीखाली अजून एक खण सापडला तर त्याने आम्हा दोघींना हाका मारून बोलावलं. मग त्यात डोकं घालून म्हणाला, ह्यात तुझी बिडाची तवी मावेल आर्डिस. आर्डिस पलंगावरूनच म्हणाली, मोजून बघ, दांड्यासकट. तो खरंच वितीने मोजायला लागला.

मी ट्रेंटला म्हटलं, लाव बाबा जोडून, आम्ही असेच निघतो.

तर ट्रेंटने डोकं खाजवलं. पोरगा सरळ होता, विकायची घाई नव्हती त्याला. म्हणाला, "तुमची गाडी ह्याला ओढेल, त्यात प्रश्न नाही. पण पेलेल का, ते आधी बघा."

मग त्याने आम्हाला बाहेर नेऊन ट्रेलरची दांडी दाखवली. ट्रेलरचं बरंचसं वजन त्याची स्वतःची चाकं घेतात, पण ही दांडी पिकअपच्या शेपटीवर बसते. सामानसुमान, पाणी भरलं की ह्या मोठ्याची दांडी जवळजवळ नऊशे पौंडांनी दाबणार, छोट्याची त्याच्या निम्म्याने. गाडी आधीच भरलेली असली तर मागून बसते, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग हाताला लागत नाही. मग उतारावर वारा आडवा आला की ट्रेलर डोलायला लागतो आणि गाडीलाच हलवतो. ह्यापुढचं त्याने सांगितलं नाही आणि आम्हाला सांगायची गरजही नव्हती. आमच्याकडचा वारा आम्हाला ठाऊक आहे, आणि हमरस्त्याच्या कडेला खड्ड्यात आडवे पडलेले ट्रेलरही आम्ही पाहिलेले आहेत.

एल्डनच्या गाडीच्या दाराच्या आतल्या कडेला चिकटवलेला कागद ट्रेंटने पुसून वाचला. माणसं, सामान, दांडी सगळं धरून गाडी सात हजार पौंडांच्या वर जाता कामा नये. तेव्हा काट्यावर जा, तुम्ही दोघं बसून वजन करा, आणि किती जागा उरते ते मला सांगा, म्हणाला. संध्याकाळी ह्याच ट्रेलरसाठी दुसरं एक जोडपं येणार होतं. पाच वाजेपर्यंत तो आमच्यासाठी थांबणार होता.

आमच्या गावात मोठा वजनकाटा एकच, पशुखाद्याच्या गिरणीतला. तिथला गस म्हणजे एल्डनचा जुना दोस्त. एल्डनने गाडी काट्यावर चढवली. मागच्या सीटवर मी तशीच बसलेली.

गसने काट्याच्या खोलीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "कोरीन, तूपण चाललीस का समुद्रावर?"

"नाही."

"मग उतर. तुझं वजन कशाला त्यांच्या डोक्यावर?"

मागे धान्याचे तीन ट्रक खोळंबलेले, त्यांचे ड्रायव्हर बघतायत, आणि मी उतरले. काट्याचा आकडा चांगला सपाटून खाली आला. गसने लगेच तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. त्याची बायको केस रंगवायला माझ्याकडेच येते, बघून घेईन म्हटलं.

पण आकडा थांबला तिथे हसू संपलं. साडेसहा हजार. म्हणजे दांडीसाठी उरले पाचशे. मोठा ट्रेलर बसतच नव्हता, छोटा कसाबसा बसत होता.

एल्डन खाली उतरून आकड्याकडे बघत राहिला. पुन्हा वजन कर म्हणाला. गसने पुन्हा केलं. तोच आकडा. एल्डन म्हणाला, गाडी जुनी झाली, कुठेतरी चिखल साठला असेल खाली. मी विचारलं, पाचशे पौंड चिखल? तो वाकून खरंच गाडीखाली बघायला लागला.

आर्डिस आत बसूनच होती. तिने काच खाली केली. "छोटा घेऊ या रे. मी बाहेरच्या बाजूला झोपेन, तू जा माझ्या अंगावरून." आवाजात काही नव्हतं, पण मी तिची बहीण आहे. मला ती खिडकी आठवली.

गस टोपी सारखी करत बाहेर आला. "एल्डन, लेका, गाडी रिकामी करून आणायची ना."

"रिकामीच आहे," एल्डन म्हणाला.

गसने नुसतं पिकअपच्या मागच्या हौद्याकडे पाहिलं. मग मी पाहिलं. मग काचेतून मान वळवून आर्डिसने पाहिलं.

ऐरण होती तिथे, तिच्या लोखंडी बैठकीसकट. गॅसची भट्टी होती, तिची टाकी होती. खिळ्यांची पेटी, कानशी, चिमटे, आणि दोन्ही बाजूंच्या सळ्यांवर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लटकलेले नाल. सगळं हौद्याला बोल्टने आवळलेलं. ही गाडी आली त्या दिवसापासून ते सगळं तिच्यावर होतं, आणि आधीच्या गाडीवरही होतं. बाजारहाट आम्ही ह्या सामानाच्या फटींत कोंबून आणायचो. आमच्या आईची शवपेटी चर्चला न्यायची वेळ आली तेव्हा आम्ही शेजाऱ्याची गाडी मागितली, कारण हिच्यात जागा नव्हती. पण हे ओझं आहे, हे आमच्यापैकी कुणाच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. एल्डन खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी ती गाडी रिकामीच होती.

गसला आत काहीतरी काम आठवलं आणि तो गेला.

"ते काढायचं नाही," आर्डिस म्हणाली. "ऐकलंस का? ते राहू दे. छोटा चांगला आहे." आणि ती हे मनापासून म्हणत होती, म्हणून तर मला तिचा राग आला. इतकी वर्षं समजूतदारपणा करून ह्या बाईचं पोट भरलं नव्हतं.

एल्डनने ऐरणीवर हात ठेवला. थोडा वेळ ठेवूनच उभा राहिला. मला वाटलं, आता हा चौथं वाक्य बोलेल आणि घरी जाऊ. मागच्या ट्रकवाल्याने भोंगा वाजवला.

"ट्रेंट किती वाजेपर्यंत थांबणार म्हणाला?" एल्डनने विचारलं.

"पाच," मी म्हटलं.

"मग बस गाडीत. बघत काय राहिलीस?"

त्यानंतर जी धावपळ झाली ती मी जन्मात विसरणार नाही. घरी आलो ते थेट कोठाराच्या दारात. बोल्ट गंजून एकजीव झालेले, पाना लागेना. एल्डनने दोनदा जोर लावला, शिवी हासडली, आणि ग्राइंडर घेऊन डोकी कापायलाच लागला. ठिणग्या उडत होत्या. आर्डिस काठी टेकून उभी, हे उजवीकडे ठेवा, ते डावीकडे, असं शाळेतल्या पोरांना रांगेत लावल्यासारखं सांगत होती. मी स्कर्टच्या ओच्यात नाल भरून फेऱ्या मारत होते, दोन नखं तुटली. मध्येच आम्हाला हसू फुटलं ते थांबेचना. एल्डनसुद्धा हसला. त्याला खोकला येईपर्यंत हसला.

ऐरणीला मात्र त्याने कुणाला हात लावू दिला नाही. मी पुढे झाले तर म्हणाला, सर. ती पोटाशी धरून, त्याच वाकलेल्या पाठीने तो कोठारात गेला आणि एका ओंडक्यावर ठेवून आला. आपला चामड्याचा अॅप्रन काढून त्याने तिच्यावर घातला. मी विचारलं, परत आल्यावर चढवशील ना पुन्हा? बघू, म्हणाला. पण बोल्ट कापलेले होते. कापलेला बोल्ट पुन्हा लागत नाही, एवढं मलासुद्धा कळतं.

बाहेर येऊन बघतो तर गाडीने शेपूट वर उचललेलं. चांगली चार बोटं. इतकी वर्षं तिचे दिवे रस्ता सोडून झाडांवरच्या घुबडांना दिसायचे, त्याचं कारण आत्ता कळलं. आणि हौद्यात, जिथे पेट्या होत्या तिथे, निळ्या रंगाचे नवेकोरे चौकोन. बाकी सगळी गाडी उन्हाने पांढुरकी पडलेली. एल्डन त्या निळ्याकडे बघत उभा राहिला.

"असा रंग होता होय हिचा," तो म्हणाला. मग आर्डिसला हात देऊन आत बसवलं.

काट्यावर पुन्हा गेलो. ह्या वेळी मी आपणहून आधी उतरले. सातशे पौंड गेले होते. उरलेल्या जागेत मोठ्याची दांडी बसून वर तिची तवी, त्याचे बूट आणि चार दिवसांचं खाणं बसत होतं. गसने आकडा मोठ्याने वाचला आणि धान्याच्या ट्रकवाल्यांनी उगाचच टाळ्या वाजवल्या. त्यांना काही ठाऊक नव्हतं.

ट्रेंटकडे पोचलो तर ते दुसरं जोडपं ट्रेलरच्या आत. बाई चक्क पलंगावर आडवी. पण ट्रेंट आमच्याकडे बघून हसला आणि त्यांना समजावून शेजारचा ट्रेलर दाखवायला घेऊन गेला. आर्डिस पायऱ्या चढून आत गेली, चादरीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बूट तरी काढायचे होते."

पुढच्या आठवड्यात ते निघाले. सगळं भरून झाल्यावर एल्डनला चैन पडेना, म्हणून जाता जाता ट्रेलर जोडूनच पुन्हा काट्यावर. मी निरोप द्यायला गिरणीपर्यंत आले होते. दांडीच्या वजनाने गाडी मागून थोडी दबली होती. एल्डनने खाली उतरून चाकावरचं अंतर बघितलं आणि मान हलवली. मग आत बसला. गसने आधी नुसत्या पिकअपचा आणि मग गाडी पुढे घेऊन ट्रेलरसकट आकडा सांगितला, सगळं हद्दीत होतं.

आणि तेवढ्यात एल्डनचा फोन वाजला.

आर्डिसच्या मांडीवर बिस्किटांचा डबा होता. तिने तो दोन्ही हातांनी धरला. मी गसकडे पाहिलं, गसने माझ्याकडे. एल्डनने फोन कानाला लावला.

"हां. पुढचा उजवा का?" तो म्हणाला. "लंगडतेय?" बराच वेळ तो ऐकत राहिला. त्याचा अंगठा स्टिअरिंगवर कानस चालवल्यासारखा मागेपुढे होत होता. "नाही रे, मला नाही जमणार. गाडी रिकामी आहे माझी." तो थांबला. "खालच्या गावच्या मारिसोलला बोलव. हात चांगला आहे तिचा. आणि घोडीला सांग, डाव्या बाजूने जवळ गेलं की ती लाथ मारत नाही. म्हणजे मारिसोलला सांग."

फोन ठेवून तो समोर बघत राहिला. डबा उघडून आर्डिसने एक बिस्कीट त्याच्या हातात दिलं. त्याने ते खाल्लं, हात पँटला पुसला आणि गाडी सुरू केली.

पिकअप उतरली, मागून ट्रेलर उतरला. गसच्या खिडकीतल्या आकड्यावर माझी नजर होती. तो भराभर खाली आला, थोडा घुटमळला आणि शून्यावर थांबला. गसने पुढच्या ट्रकला हात केला.