सागवानाचा नंबर

माझी भाची प्रतिमा इंग्रजी पेपरात धंद्यापाण्याचं पान सांभाळते. कुठली कंपनी बुडाली, कोणी कोणाला गंडवलं, यातच तिचा जीव. सत्त्याण्णव सालच्या दिवाळीत ती माझ्याकडे बंगलोरला, के. आर. पुरमला आली आणि फराळ सोडून भिंतीवरचं माझं सागवानाचं सर्टिफिकेट वाचत बसली.

"आत्या, तुझं झाड बघून येऊ या का?"

मला संतापच आला. टेलिफोनच्या कारखान्यात बावीस वर्षं डोळे फोडून तारा जोडल्या, लवकर निवृत्ती घेतली, मिळालं ते सगळं सागवानाच्या कंपनीत घातलं. वीस वर्षांत एकेका झाडाचे लाख होणार होते. मी तर भरलेच, कारखान्यातल्या माझ्याबरोबरच्या अकरा बायकांनाही पैसे भरायला लावले. त्याबद्दल कंपनीनं मला कुकर दिला. आणि ही कालची पोर मला शहाणपण शिकवणार? म्हटलं, चल, हातच्या कांकणाला आरसा कशाला.

होसकोटेच्या पुढं बसमधून उतरून दोन मैल चाललो. कुंपणापाशी परसू नावाचा म्हातारा राखणदार होता. मी ऐटीत सर्टिफिकेटावरचा माझ्या झाडाचा नंबर सांगितला.

"स्वल्प थांबा, अक्का," म्हणाला. झोपडीतून पत्र्याचा तुकडा आणि रंगाचा डबा घेऊन आला. माझा नंबर रंगवला आणि त्यातल्या त्यात बऱ्या झाडाला टांगला. "हे बघा तुमचं."

"काल हे कुणाचं होतं?" प्रतिमानं विचारलं.

"काल म्हैसूरहून एक साहेब आले होते, त्यांचं. झाडं पाचशेच आहेत, येणारी माणसं किती तरी. कंपनीनंच सांगितलंय, नंबर विचारायचा आणि टांगायचा." बिचाऱ्याला त्यात काही चोरी वाटतच नव्हती.

परतीच्या बसमध्ये प्रतिमानं हे सगळं पेपरात द्यायचं ठरवलं. पण म्हणाली, संपादक नुसत्या तिच्या शब्दावर छापणार नाहीत. परसूचं नाव घातलं तर त्याची नोकरी जाईल. पैसे भरलेल्या एका तरी माणसानं नावानिशी बोलायला हवं.

"माझं नाव घेशील तर खबरदार," मी म्हटलं. "पैसे गेले तर गेले. पण त्या अकरा जणी मला काय म्हणतील? कुकर घेऊन आम्हाला विकलंस म्हणतील."

"सरी, बरं," एवढंच म्हणाली. हट्टी कार्टी, पण जबरदस्ती केली नाही हो तिनं.

तीन दिवस मी घराबाहेर पडले नाही. चौथ्या दिवशी शेजारची विमला पेढे घेऊन आली. लेकीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे सोमवारी कंपनीत भरणार होती. "सगुणाक्का, तू भरलेस म्हणून मला धीर आला," म्हणाली.

मी पेढा परत तिच्या हातात दिला. तिला म्हटलं, एक पैसा भरू नकोस. तशीच कोपऱ्यावरच्या फोनच्या बूथमध्ये गेले आणि प्रतिमाला सांगितलं, "माझं नाव लिही. सगुणाबाई, के. आर. पुरम. कुकराचंही लिही, काही लपवू नकोस."

रविवारी छापून आलं, फोटोसकट. मी आतून कडी घालून बसले. दहाच्या सुमाराला दार वाजलं. उघडलं तर अकराही जणी. सोयराबाई सगळ्यांच्या पुढं. तिनं मला पाच मिनिटं उभं-आडवं घेतलं. जिभेला हाड नाही तिच्या. मी मान खाली घालून ऐकून घेतलं, कारण खोटं त्यात काहीच नव्हतं.

मग तिनं पिशवीतून आपलं सर्टिफिकेट काढून माझ्या हातात दिलं. पाठोपाठ बाकीच्यांनीही दिली.

"तुझ्या भाचीला सांग, पेपरात आमचीही नावं घाल म्हणावं," ती म्हणाली. "पैसे परत मागायला एकटी बाई कोर्टात उभी राहिली तर कंपनी हसेल. बारा जणींना हसून दाखवू दे."

मला रडू फुटलं. सोयराबाई म्हणाली, रडणं पुरे, आधी कोर्टाचा अर्ज कसा लिहायचा ते भाचीला विचार.