भिंतीवर टांगलेला काळा मोजा

माझ्याकडे असं भक्तिभावाने बघू नका. मी एक मोजा आहे, डाव्या पायाचा. या चर्चमध्ये दुःखी मातेच्या मूर्तीशेजारच्या भिंतीवर नवसाचे चांदीचे हात, पाय, डोळे टांगलेले आहेत. त्यांच्यातच एका खिळ्यावर मला लटकवलं आहे. बायका येतात, मला हात लावतात आणि तोच हात आपल्या पोटरीवरून फिरवतात. मला तो स्पर्श सोसत नाही. का, ते सांगतो. मात्र माझं सगळं बरोबरच आहे अशी हमी मागू नका. माझ्याविषयी माझी स्वतःचीच खात्री कधी झालेली नाही.

माझा जन्म कारखान्यातला. यंत्राने मला घोट्याशी घट्ट आणि वर जाईल तसं जरा सैल विणलं. पायातलं रक्त खाली साचू नये, वर चढावं, म्हणून पाय आवळून धरणं एवढंच माझं काम. रंग कातडीसारखा. उजव्या पायाच्या भावासोबत मला एका खोक्यात घातलं. खोक्यावर एका हसऱ्या बाईचं चित्र होतं. तिच्या पायांना आमची गरज जन्मात पडली नसती.

आमची गरज होती ओतिलियाला. आंतिग्वा शहरात बाजारामागच्या गल्लीत ती तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्या, थापते. सकाळ, दुपार, संध्याकाळ, तिन्ही जेवणवेळांना तव्यापुढे उभी. वर्षानुवर्षं उभं राहून तिच्या डाव्या पायाच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या, घोट्यापाशी जखम झाली आणि ती भरेना. शेवटी शस्त्रक्रिया झाली. जखम भरली. टाके काढायच्या दिवशी तिची मुलगी नोएमी मला घेऊन दवाखान्यात गेली, आणि तिथे मी ते बोलणं ऐकलं.

"मी खराब शीर काढली, ओतिलियाबाई," डॉक्टर म्हणाले, "तुमचं उभं राहणं नाही काढलं. शेजारच्या शिरा पुन्हा फुगू शकतात. जखम परत उघडली तर तवा विसरा."

"तवा विसरून खाऊ काय?"

"म्हणून तर सांगतोय. रोज चाला. बसाल तेव्हा पाय उंचावर. खांबासारखं एका जागी उभं राहू नका. आणि सकाळी उठायच्या आधी हा मोजा घालायचा, तो रात्री झोपताना काढायचा."

"किती दिवस?"

डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "त्यावर आमचंच एकमत नाही. पण तुमच्यासारखी जखम झालेल्या माणसाने तो सोडू नये, असं मला वाटतं."

असं मला वाटतं! त्या तीन शब्दांनी मला आयुष्यभर पोखरलं आहे. मी उपयोगाचा आहे की नुसती समजूत, हे ठरवायला कुणी तरी ठामपणे बोलायला हवं होतं.

ओतिलियाला तर मी पहिल्या दिवसापासून नकोसा होतो, आणि मलाही ती नकोशी. मला चढवताना ती मला शिव्या घालायची. "ही सापाची कात माझ्याच नशिबी का?" टाच जागेवर बसली नाही तर दातओठ खाऊन ओढायची. एकदा अंगठ्याचं नख माझ्यातून आरपार गेलं. तव्यापुढे उकडायला लागलं की माझी वरची कड गुंडाळून गुडघ्याखाली आणायची. याहून मोठा अपमान नाही. गुंडाळलेली कड दोरीसारखी काचते. जे रक्त वर जाऊ द्यायचं तेच अडवते. म्हणजे माझ्याच हातून माझ्या कामाचा गळा आवळायचा.

"आई, कड सरळ कर," नोएमी ओरडायची.

"सरळ केली तर मी वाकडी होते, पोरी. आग होते नुसती."

"बरं, मग काम संपल्यावर चालायला चल."

"तव्यावरून उठलेलं तापलं अंग घेऊन गार वाऱ्यात? तोंड वाकडं होऊन बसेल माझं. तुझी आजी सांगायची ते विसरलीस?"

आजी गेली त्याला किती तरी वर्षं झाली, पण या घरात डॉक्टरपेक्षा तिचाच शब्द चालत होता. मेलेल्या माणसाशी वाद कसा घालणार?

तव्याच्या दुसऱ्या बाजूला ओतिलियाची भागीदारीण चाबेला उभी असायची. धिप्पाड, तोंडाळ, दिवसभर हसणारी. नोएमीने आईला एक युक्ती शिकवली होती: तोर्तिया हातावर थापताना प्रत्येक थापेला टाचा उचलायच्या, म्हणजे पोटऱ्या हलत्या राहतात. चाबेलाला तेवढं निमित्त पुरलं.

"बघा गं, आमची कोंबडी अंडं घालायला जागा शोधतेय."

"तुझ्या पायांना कधी काही झालं ना, चाबेला, तर मी आख्खी गल्ली जेवायला घालेन."

"माझे पाय? हे घोड्याचे पाय आहेत, बाई. मेल्यावरसुद्धा उभे राहतील."

ओतिलिया हसली, पण टाचा उचलत राहिली. मान्य करायला मला जड जातं, पण तेच काही आठवडे आमचं बरं चाललं होतं. टाचा वर, टाचा खाली, मी आवळतोय, पोटरी ढकलतेय. घोट्याची सूज उतरली. ते श्रेय माझं की टाचांचं, मला आजही माहीत नाही. टाचांचं असावं.

मग ईस्टरआधीचा पवित्र आठवडा जवळ आला.

शस्त्रक्रियेच्या आधी ओतिलियाने नवस बोलला होता: पाय वाचला तर मातेच्या मिरवणुकीत पालखीला खांदा देईन. ही पालखी बायकाच वाहतात. जड लाकडी पालखी, तिच्यावर काळ्या मखमलीतली माता, आणि तिला वाहणाऱ्या सगळ्या पायघोळ काळ्या झग्यात, डोक्यावर काळी जाळी, पायात काळे मोजे. मंडळाच्या प्रमुखबाई रांगेतून फिरून प्रत्येकीचे पाय बघतात. कातडीच्या रंगाचा मोजा दिसला की बाई बाहेर.

"ह्याच्यावरून साधा काळा मोजा चढव, आई," नोएमी म्हणाली. "झालं, प्रश्न मिटला."

खरंच मिटला होता. पण ओतिलियाने मान हलवली. "आतून एक आणि वरून एक? मातेला फसवायचं? तिनेच तर पाय वाचवला."

"मग रंगव त्याला," चाबेला सहज म्हणाली. "माझा झगा मी दर वर्षी रंगवते. पाणी उकळायचं, पुडी टाकायची, झालं."

नोएमी कामावर गेल्यावर हे घडलं. ज्या पातेल्यात चुन्याच्या पाण्यात मका शिजतो, त्यात काळा रंग खळखळ उकळत होता. त्यात मला सोडलं आणि लाकडी पळीने दाबून धरलं. माझ्या खोक्यात एक कागद होता: कोमट पाणी, हाताने धुवा, पिळू नका, उन्हात वाळवू नका. तो कागद चूल पेटवायला गेला होता. उकळत्या पाण्यात माझा एकेक ताणलेला धागा सुटत गेला. मग तिने मला पिळलं आणि पत्र्यावर कडक उन्हात पसरलं. वाळलो तेव्हा मी सुरेख काळा झालो होतो आणि माझ्यात काही उरलं नव्हतं. पुढचे काही दिवस गल्लीने करड्या तोर्तिया खाल्ल्या. तेवढाच माझा सूड.

मिरवणुकीत मी तिच्या पायात होतो. पालखी हळूहळू झुलत जाते, दोन पावलं चालली की थांबते. ओझं खांद्यावर घेऊन थांबणं, म्हणजे डॉक्टरांनी नको म्हटलेलं नेमकं तेच. मी घोट्यापाशी चुण्या पडून गोळा झालो होतो. ओतिलिया रडत होती, आनंदाने. तिला वाटलं, मी कधी नव्हे इतका मऊ झालोय.

"आज काचलाच नाही बघ," ती नोएमीला म्हणाली. "मातेचा स्पर्श झाला त्याला. आता हा नुसता मोजा नाही."

त्यानंतर तिने मला कधी शिवी घातली नाही. रोज सकाळी माझं चुंबन घेऊन मला घालायची. टाचा उचलणं सोडलं; पवित्र मोजा असताना कोंबडीसारखं कशाला नाचायचं? आयुष्यात पहिल्यांदा मला मान मिळाला, आणि तोही मी निकामी झाल्यावर. मला तिचा इतका राग कधीच आला नव्हता. घोट्याभोवतीची कातडी तपकिरी पडू लागली. खाज सुटली. जखमेच्या जुन्या जागी कातडी कागदासारखी चमकायला लागली. मी ते सगळं पाहत होतो, त्याला चिकटून, आणि मला ओरडता येत नव्हतं.

नोएमीने पाहिलं ते एका रविवारी, आई पाय धुताना. मला उचलून ती ताणू लागली. मी हवा तेवढा लांब झालो आणि तसाच राहिलो.

"आई, हा मेलाय. ह्याच्यात जीव नाही. खोक्यातला उजव्याचा काढ, तो डाव्या पायातही चालतो."

"मातेचा स्पर्श झालेला मोजा टाकून देऊ?"

नोएमीने मला हातातून खाली ठेवलं. मग तिचा आवाज बदलला. "टाकू नकोस. पण मातेचा स्पर्श झालेली वस्तू घालून तू चुन्यात, राखेत, मक्याच्या चोथ्यात उभी राहतेस? आजी असती तर काय म्हणाली असती?"

ओतिलिया दचकली. त्याच दिवशी मी या खिळ्यावर आलो. पोरगी हुशार आहे. मेलेल्या आजीला तिने शेवटी आपल्या बाजूला वळवलं.

तेव्हापासून इथे. काल ओतिलिया आली. तिच्या पायात माझा भाऊ होता. कड सरळ. जखमेच्या जागेचं काय झालं, मला दिसलं नाही. पण ती बाजारापासून चालत आली होती, आणि मेणबत्ती लावताना तिच्या टाचा वर-खाली होत होत्या. तिच्यामागे चाबेला. तिने झगा जरा उचलला. घोड्याच्या पायावर निळा दोरखंड उठला होता.

"कुणाला सांगू नकोस, ओती," ती कुजबुजली. नेहमीचं हसू नव्हतं. "हाच ना तुझा मोजा? ह्यानेच बरा झाला ना तुझा पाय?" आणि तिने माझ्याकडे हात नेला.

मी थिजलो. ओतिलिया 'हो' म्हणाली असती तर चाबेला मला हात लावून घरी गेली असती, निवांत, आणि तव्यापुढे खांबासारखी उभी राहिली असती, जखम होईपर्यंत.

ओतिलियाने माझ्याकडे पाहिलं.

"हा?" ती म्हणाली. "हा मेलेला आहे. मीच उकळून मारला, तुझं ऐकून. घरी चल, जिवंत दाखवते. आणि उद्यापासून तूही अंडी घालायला लाग."

"आणि जेवण? आख्खी गल्ली जेवायला घालणार होतीस."

"आधी डॉक्टरकडे चल, मग बघू."

ओतिलियाने माझ्याविषयी ठामपणे बोललेलं ते पहिलं खरं वाक्य. मला बरं वाटलं. कुणाचंही बोलणं ऐकून मला बरं वाटलं, असं याआधी कधी झालं नव्हतं.

पण जाता जाता चाबेलाने मला हात लावलाच, हळूच, ओतिलियाचं लक्ष नसताना. म्हणून पुन्हा सांगतो. माझ्यात काही नाही. पाय दुखत असेल तर माझ्यापुढे उभ्या राहू नका. इथे तर मुळीच उभ्या राहू नका. चालू लागा.