थोरल्या भावाची मात्रा

ग्रंथालयातल्या कारकुनाच्या अंगावर अकरा वर्षं गांधी उठत होत्या. आधी मनगटावर एक लालसर फुगवटा, मग दंड, मग मान, आणि तासाभरात सगळ्या अंगाची आग आग. गोळ्या झाल्या, मलमं झाली, साबण बदलून झाला, घरातलं मांजर शेजाऱ्यांना देऊन झालं. गुण शून्य. शेवटी तो त्वचारोगांच्या संशोधन केंद्रात गेला. तिथल्या संशोधक बाई एकाच प्रश्नाच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या: शरीर साध्यासुध्या गोष्टींशी वैर का धरतं?

"गांधी नेमक्या कधी उठतात?" बाईंनी विचारलं.

"दादा घरात असला की."

दादा म्हणजे थोरला भाऊ, वजनमापं तपासणारे निवृत्त निरीक्षक. दोघेही बिनलग्नाचे, एकाच घरात राहणारे.

बाईंनी दादांचा टॉवेल, दाढीचा साबण आणि शर्टाची कॉलर मागवून घेतली. कारकुनाच्या पाठीवर चौकटी आखून प्रत्येकाचा अंश चिकटवला. दोन दिवसांनी पाहिलं तर पाठ कोरी करकरीत. मग दादांनाच बोलावलं. ते भावासमोर अर्धा तास तोंडाला कुलूप लावून बसले. काही नाही. बाईंनी वही मिटली, तसे दादा म्हणाले, "मी सांगितलं नव्हतं? यातून काही निघणार नाही म्हणून!"

चार मिनिटांत कारकुनाचे दोन्ही हात सुजले.

बाई खुर्चीतून उठल्याच. "पुन्हा म्हणा!"

"काय?"

"तेच. 'मी सांगितलं नव्हतं.'"

दादांनी म्हटलं. मान फुगली. तेच वाक्य परिचारिकेने म्हणून पाहिलं, भांडारपालाने म्हणून पाहिलं, त्वचा ढिम्म. दादांचाच आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकवला, तेव्हा गांधी आल्या, पण निम्म्या आकाराच्या.

उपाय जुनाच होता. जे सोसत नाही ते थेंबाथेंबाने द्यायचं आणि शरीराला सवय लावायची. पण त्यासाठी केंद्राच्या औषधचाचणी समितीची परवानगी हवी, आणि समितीचा नियम असा की चाचणीतला प्रत्येक पदार्थ दोन ते आठ अंशांत साठवावा.

"अहो, दादा पदार्थ नाहीत," बाई म्हणाल्या.

"मग कोणत्या रकान्यात लिहू? औषध, उपकरण की प्राणी?" अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं.

प्राण्यांची समिती वेगळी होती आणि ती वर्षातून एकदाच बसायची. म्हणून दादा औषधात गेले.

शीतकक्षात लसींच्या कपाटाशेजारी त्यांना खुर्ची मिळाली. दोन स्वेटर, कानटोपी, खिशावर चिठ्ठी. चिठ्ठीवरची मुदत वाचून ते जरा दुखावले. "मी मार्चपर्यंतच चालणार?"

पहिल्या दिवशी मात्रा होती फक्त "मी". परिचारिका घड्याळ लावून उभी, बाई भिंग घेऊन मनगटावर वाकलेल्या. तिसऱ्या दिवशी "मी सां". दुसऱ्या आठवड्यात "मी सांगितलं" दिलं तेव्हा कोपरावर एक बारीकशी गांध उठली, म्हणून दोन दिवस पुन्हा "मी सां"वर यावं लागलं. दादांनी नुसता घसा खाकरला तरी खोलीतले चौघे पेन सरसावत. त्यांचं बोलणं आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी उतरवून घेत होतं. ते दाढी करून, भांग पाडून वेळेआधी तयार राहू लागले.

एक्केचाळिसाव्या दिवशी पूर्ण मात्रा. दादांनी बोट उगारलं आणि खणखणीत आवाजात वाक्य टाकलं: "मी सांगितलं नव्हतं?"

चार मिनिटं झाली. दहा झाली. अर्धा तास झाला. कारकुनाची कातडी तुळतुळीत. बाईंनी डोळे पुसले, परिचारिकेने टाळ्या वाजवल्या.

दादांचा चेहरा मात्र उतरला. "म्हणजे आता माझ्या बोलण्याने ह्याला काहीच होत नाही?"

"काही म्हणजे काही नाही!" बाई आनंदाने म्हणाल्या. मग त्यांचं तोंड पाहून घाईने पुढे म्हणाल्या, "पण महिन्याला एक मात्रा चालू ठेवावी लागेल हं. आणि साठा इथेच राहिलेला बरा."

दादांनी कानटोपी नीट केली. "मी कुठे जातोय?"

कारकून एकटाच घरी गेला. अर्ध्या बाह्यांचे शर्ट शिवून घेतले. रविवारी सकाळी तो वर्तमानपत्र वाचत बसला आणि शेगडीवरचं दूध उतू गेलं. त्याने गॅस बंद केला. उभा राहिला. घरात कोणी काही बोललं नाही. त्याने केंद्रात फोन लावला.

"दादा, दूध उतू गेलं."

पलीकडे शीतयंत्राची घरघर ऐकू येत होती.

"वर्तमानपत्र घेऊन बसला असशील," दादा म्हणाले.

"हो."

"पुढची मात्रा सोळा तारखेला आहे. त्याआधी मला ते वाक्य बोलायची परवानगी नाही."

"अर्धी तरी दे."

"असं कसं? नियम आहेत." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "बरं, थांब. फोन ठेवू नकोस. बाईंना विचारून येतो."

कारकुनाने रिसीव्हर खांद्याने कानाशी धरला आणि फडक्याने शेगडी पुसायला घेतली.