सांतानबाबच्या खुरसाची लदीन

"लदीन आम्ही म्हणतो!" असं मी बोलून टाकलं, तेव्हा शेजारची इस्पेरांस मावशी सांतानबाबला कुशीवर वळवत होती. तिने मान वर करूनसुद्धा बघितलं नाही.

"तू, गौरवी? लातीन म्हणतलंस?"

"त्यात काय! यंदा मी अख्ख्या शाळेसमोर भाषण केलं, मावशे. पूर्वी हजेरीला 'उपस्थित' म्हणतानासुद्धा माझी बोबडी वळायची!"

"भाषण मराठीतलं न्हय? हां, हो पाय धर बघू."

मी पाय धरला. केवढा जड! आणि मावशी हे रोज एकटी करते.

सांतानबाब तिचा नवरा. डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा. अर्धांगवायूने त्याची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डावा हात तेवढा चालतो. त्यांच्या अंगणात पांढरा खुरीस, म्हणजे क्रूस आहे, त्याच्यापुढे दर मे महिन्यात सांतानबाबच लदीन म्हणायचा. म्हणजे एकाने सायबिणीची, मारियामातेची, एकेक नावं घ्यायची आणि बाकीच्यांनी दर नावाला जाप द्यायची, 'ओरा प्रो नोबिस'. आमच्यासाठी विनंती कर, असा त्याचा अर्थ. मग उकडलेले चणे! लहानपणापासून आम्ही सगळी हिंदू पोरं त्या चण्यांसाठी पहिल्या रांगेत असायचो.

पण आता आमच्या केरीच्या वाड्यावर जाप द्यायला दुसरं ख्रिस्ती घरच उरलं नाही. एक कुटुंब लंडनला गेलं, एक वास्कोला. इगर्जीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, मेस्ताला, गाणी म्हणवून घेणाऱ्या मास्तराला, मे महिन्यात श्वास घ्यायलाही सवड नसते. मावशीचा मुलगा आग्नेल जहाजावरून फोनवर सांगत होता, "माय, यंदा ऱ्हांव दी. लोक समजून घेतील."

"लोक घेतील रे," मावशी म्हणाली होती. "पण मी सांतानाक उतर दिलंय, वचन दिलंय. तो आसा तोपर्यंत लदीन चुकची ना."

म्हणून मग मी, माझी मैत्रीण तनया आणि वाड्यावरची चारपाच पोरं. नावं मावशीने घ्यायची, जाप आम्ही द्यायची. तालीम आमच्या पडवीत. तनया 'नोबिस'ला इतका लांब हेल काढायची की माझी आई आतून ओरडायची, "गो, बस सुटली की काय म्हापशाची?"

मावशी तालमीला येऊन भिंतीला टेकायची, आणि टेकली की डोळे मिटायचे.

"एकच ध्यानात ठेवा," ती म्हणाली. "मधी तुटता कामा नये. तुटली तर सांतान पयल्यापासून घेय. मीसुद्धा तशीच घेणार."

मला शाळेत 'त्याग' या विषयावर बोलायचं होतं. मी उत्साहाने विचारलं, "मावशे, तुम्ही केवढा त्याग करता, नाही?"

"त्याग?" ती हसली, पण हसायलाही तिला बळ आणावं लागलं. "लग्नात पाद्रीसमोर म्हटलं, सुखात आणि दुखण्यात सोडची ना. तेंच करतंय. तेव्हा कंबर दुखतली म्हणून कोणी सांगलं नाय बघ."

मग तिने तनयाला विचारलं, "चणे भिजत घातले काय गो?" आणि उठताना भिंतीला धरून उठली.

लदिनीच्या दिवशी आईने अबोलीचा हार दिला. मेणबत्त्या लागल्या. सांतानबाबची खाट आम्ही खिडकीशी ओढली. त्याला बाहेरचं दिसत होतं. मावशी धुवट साडी नेसून खुरसाच्या पायरीवर बसली. गुडघ्यांवर उभं राहणं आता तिला झेपत नाही.

"सांक्ता मारिया."

"ओरा प्रो नोबिस!" आम्ही असे कडाडलो की शेजारचा कुत्रा उठून गेला.

छान चाललं होतं. मी तर स्वतःवर जाम खूश होते! मग मावशीचा आवाज बारीक होत गेला. एक नाव अर्धंच आलं. मी बघितलं, तर तिचं डोकं खुरसाला टेकलेलं. झोपली होती. तोंड थोडं उघडं, हातात जपमाळ.

तनयाने मला कोपर मारलं. "उठव तिला!"

"नको!"

"मग पुढचं नाव कोण घेणार? तू?"

मला एकही नाव येत नव्हतं. आम्ही फक्त जापच शिकलो होतो! उठवावं तर ती पहिल्यापासून घेणार, आणि तिच्यात तेवढं त्राण नव्हतं. न उठवावं तर तिचं उतर मोडणार. भाषण करणारी मी, तोंड उघडून नुसती उभी.

तेव्हा खिडकीत काहीतरी हललं. सांतानबाबचं डावं बोट वर होतं. त्याचे ओठ हलत होते, आवाज नाही. बोट खाली आलं.

"ओरा प्रो नोबिस," मी हळूच म्हटलं.

बोट पुन्हा वर. ओठ हलले. बोट खाली.

आता तनयाला कळलं. सगळ्यांना कळलं. आम्ही अगदी हळू, बाळ निजवताना म्हणतात तशी जाप देऊ लागलो. एकदा त्याचा हात गादीवर पडला आणि उठेचना. आम्ही वाट बघितली. मेणबत्ती ओघळत होती. मग बोट पुन्हा वर आलं, पहिल्यापेक्षा कमी. शेवटी त्याने त्याच हाताने कपाळाला, छातीला, खांद्यांना स्पर्श करून खुरीस काढला. आम्ही समजलो, झाली.

आवाज थांबला तशी मावशी दचकून उठली. "खंय पावलंय मी? तुटली? सायबिणी, तुटली मगो!"

"नाही तुटली," मी म्हटलं. "सांतानबाबने पुरी केली. बोटाने."

तिने खिडकीकडे बघितलं. तो घामाने निथळत होता आणि तिच्याकडेच बघत होता. मला वाटलं ती रडेल. ती पायरीला धरून उठली, आत गेली, पदराने त्याचं कपाळ पुसलं.

"इतकं दमायचं कित्याक?" ती त्याच्यावर चिडली. "मला उठवपाचं न्हय?"

सांतानबाबने बोट हलवलं. नाही.

मावशी त्याच्याजवळ खाटेच्या कडेवर बसली. मग आतूनच हाक आली, "गौरवी, चणे वाट गो, निवतात ते. आणि आयेक आपय. ह्याका वळवपाचो आसा, आज मला एकटीला जमचं ना."

चणे तनयाच्या हातात देऊन मी आईला बोलवायला धावले.